कै.

महापालिकेची यादी येते
तेव्हा मी नावं वाचत नाही, अक्षरं मोजतो.
अक्षराला साडेचार रुपये. काना, मात्रा, वेलांटी फुकट,
ती माझी शहराला देणगी.

म्हणून मला लांबलचक माणसं आवडतात.
'संगीतभूषण वामनबुवा चिंचमलातपुरे' :
त्या एका माणसात पोरीच्या वह्या निघाल्या.
त्यांचं गाणं मी ऐकलेलं नाही.
बजेरियात म्हणे त्यांनी एकदा तंबोरा जुळवता जुळवता पहाट केली
आणि गायलेच नाहीत.
उठून मात्र कोणी गेलं नाही.

एक बाई होत्या, ताऱ्यांच्या अभ्यासक, डॉक्टर विशालाक्षी.
आई मद्रासकडं निघालेली, नागपूर स्टेशनावर कळा आल्या,
मेयोत जन्म, अकराव्या दिवशी पुढची गाडी.
परत कधी आल्या नाहीत.
तरी समिती म्हणाली, लिहा : नागपूरकन्या.
सहा अक्षरं, सत्तावीस रुपये.
चारी दिशांचे रूळ इथं एकमेकांना कापतात,
कोणीतरी असं सांडणारच.

चौकाला नाव चिकटत नाही पण.
शिक्षणमहर्षींचा चौक अजून पंक्चर चौकच आहे,
कारण अय्यूब पाटीच्या बरोबर खाली बसतो
आणि वर न बघता सगळ्यांना पत्ता सांगतो.

मग ते आलं :
'कै. श्रावणजी हेडाऊ, हॉकीपटू'.
मागाच्या पावड्या दाबून दाबून पाय असे झालेले
की कोष्टीपुऱ्यातून उचलून त्याला थेट गोलात उभं केलं.
कस्तुरचंद पार्कवर फौजेच्या संघाचे अकरा फटके अडवले,
बारावा दातांवर घेतला.
मी 'कै.' काढला. एकच अक्षर,
बहुतेकांना लागतंच.

पाटी वाळत घातलेली. मे महिना, शेहेचाळीस डिग्री,
कुलर नुसताच गरगरतोय.
सायकलरिक्षातून एक म्हातारा उतरला,
पुढचे चार दात नसलेला.
पाटी वाचली. चष्मा पुसला. परत वाचली.
"काहून बे, मी मेलो कवा?"

मी यादी दाखवली. सही, शिक्का, जावक क्रमांक.
तो स्टुलावर बसला. दोन रस मागवले.
"पुसतो ना काका, टर्पेंटाइन आहे."
"पुसाचे किती घेतं?"
"पुसायचे नसतात पैसे."
"मंग राहू दे. आज ना उद्या लागनच.
वरून पांढरा हात मारून ठेव."

मारला.
नावाच्या आधी एवढी कोरी जागा घेऊन
पाटी लागली गोळीबार चौकाच्या अलीकडं.
तो रोज सकाळी तिच्याखाली तर्री-पोहे खायचा.
कोणी पाटीबद्दल विचारलं तर म्हणायचा,
"हेडाऊ? होता एक. बरा अडवायचा."

इथलं ऊन पांढऱ्यालाच आधी खातं.
दुसऱ्या उन्हाळ्यात दोन मात्रा दिसू लागल्या,
तिसऱ्यात क चं पोट.
त्याचा फोन यायचा, आवाजात निव्वळ मजा :
"येऊन रायलं बे, वर येऊन रायलं!"
दोनदा शिडी घेऊन गेलो, दोनदा झाकलं.
तिसऱ्यांदा त्यानं चहा पाजून परत पाठवलं.

यंदा मार्बतीच्या दुसऱ्या दिवशी नातू आला.
काही बोलला नाही, फक्त चप्पल काढून उभा राहिला.
मी शिडी घेतली, रंगाचा डबा घरीच ठेवला.
उरलेला पांढरा नखानं खरवडला.
खालून काळा निघाला, जसा लिहिला होता तसा,
बोटाला लागेल की काय इतका ताजा.

बिल कसलं लावणार? अक्षर जुनंच.

शिडीवर होतो तेवढ्यात खाली एक स्कूटर थांबली.
"भाऊ, हा कोणता चौक?"
मी पाटीकडं बघून तोंड उघडलं,
तोवर टपरीवरून कोणीतरी सांगूनही टाकलं :
"पोहेवाल्याचा."