आजपुरती

पहाटे तीनला आउनेला जाग येते,
छातीत कुणी होडीचं इंजिन सुरू करून गेलेलं.
टेबलावर इस्पितळाचं पाकीट,
मंगळवारपासून न फोडलेलं.
बाहेर इनारीचं सरोवर
गोठता गोठता कण्हतं.

ती हात जोडते. शब्द नेहमीचेच,
बापाने जाळं ओढताना शिकवलेले,
पण भाकरीच्या ओळीशी
यावेळी जीभ अडखळते.
आजचीच तर मागितलीये की इथं!
साठ वर्षं म्हणतेय,
उद्याची कधी मागितलीच नाही.

प्रभू, मग आजपुरतंच.

इंजिन चालूच राहतं.
पण होडी आता
कशाला तरी बांधलेली.

दांडीवरची राईची भाकर उतरवून
ती मोडते, लोणी लावते,
सावकाश खाते,
आणि त्याच लोणकट सुरीने
पाकीट फोडते.