ओढता येईल असं

सगळ्यात आधी दोर.
निळा, सॅमनच्या पिंजऱ्यांवरून सुटून आलेला,
भरतीने गाठी मारमारून पाठवलेला.
तो सोडवण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते.
कापायचा नाही. कापलेला दोर
पुन्हा कुणाच्या खांद्याला पुरत नाही.

मग भिंती. यंदा एका टोस्टरचं पोट,
पंख्याची जाळी, दूधपावडरीचा डबा,
आणि बुटाचा तळ, बेचाळीस नंबर, डावा.
उजवा येईल म्हणून मी दोन हिवाळे थांबले.
छपराला काळ्या शिंपल्या. पूर्वी किंचाओ बेटावर
आलेर्सेच्या लाकडाची कौलं असत
छपरावर, भिंतींवर, माशाच्या खवल्यांसारखी.
आता ते झाड तोडायला बंदी आहे
आणि शिंपल्या काय, ताटात उरतातच.

"ओतिलिया, भंगार आहे हे," शेजारचा एलादिओ म्हणतो.
भंगारच आहे. पण तुझं घर तरी
कुठे ओळंब्यात आहे, एलादिओ?

मी सात वर्षांची असताना आमचं घर चाललं होतं.
खरंच चाललं.
समुद्र अंगण खात खात उंबऱ्याशी आला
तेव्हा बाबांनी गावात निरोप धाडला, आणि गाव आलं:
बैलांच्या नऊ जोड्या, ओंडके, चाळीस माणसं.
मजुरी म्हणून फक्त जेवण,
बटाटे, डुकराचं मांस, सफरचंदाची आंबट दारू.
घराच्या कमरेला दोर बांधला
आणि टेकडीवर चढवलं, खिडक्यांसकट.
आईने चूल विझवू दिली नाही.
धुराडं गावातून चाललं होतं, मागे धूर सांडत,
आणि मी आत पलंगाखाली पालथी पडून
उघड्या दारातून
जमीन मागे मागे जाताना पाहत होते.

बैलांच्या पुढे नोल्बेर्तो, माझा थोरला भाऊ,
ओरडून ओरडून घसा बसलेला.
त्याच उन्हाळ्यात तो मेंढ्या कातरायला
दक्षिणेला गेला, पार सरहद्दीपलीकडे.
दोन पत्रं आली.
दुसऱ्यात विचारलं होतं,
वर कसं वाटतं? वारा जास्त लागतो का?
लागतो, असं आईने कळवलं.
ते पाकीट तीन महिन्यांनी आमच्याच दारात परत आलं.

म्हणतात, घर फिरलं की वासेही फिरतात.
आमचं तर अख्खं घर फिरलं,
पूर्वेचं दार उत्तरेला गेलं.
वासे जागच्या जागी. एक खिळा निघाला नाही.
फिरला तो
जाऊ दे. शिंपल्या चिकटवायचा डिंक वाळतोय.

सांतियागोहून एक बाई आल्या होत्या, जाड काचांचा चष्मा.
घराभोवती तीनदा फिरल्या, वाकून वाकून.
निवारा, नाजूकपणा, असं काहीबाही बोलल्या, छान बोलल्या.
मग म्हणाल्या, "हा पुढचा दोर तेवढा काढाल का?
मांडायला अडचण होते."
मी म्हटलं, दोराचे पैसे नाहीत, बाई.
पण दोराशिवाय मी घर देत नाही.
त्या बोटीने आल्या तशा बोटीने गेल्या.

आज ओहोटी. एलादिओची नात माइते
दोर खांद्यावर टाकून पुढे उभी आहे.
"आत कोण राहतं?"
मी कान लावते. आत काहीतरी खरवडतं आहे.
खेकडा, बहुतेक. डब्याच्या खोलीत.
"आहे कुणीतरी," मी सांगते. "हळू ने."

पण ती कसली हळू नेते!
ओल्या वाळूत एक लांब चर पडत जातो,
बुटाचा तळ उंबऱ्यासारखा घासत येतो,
छपरावरून शिंपल्या गळतात
आणि मी मागून त्या एप्रनमध्ये वेचते आहे.
चढ लागला.
डावीकडे! दगड आहे! उचल, उचल, आता ओढ!
बैल नाहीत, गाव नाही,
तरी मी ओरडते आहे,
घसा बसत चाललाय.