अळणी रक्त

फोग्लो बेटावरच्या दवाखान्यात, फ्रिजमध्ये
दोन खोकी असतात, एकाच औषधाची.
नाव एक, रंग जवळजवळ एक,
आतल्या थेंबाचा जोर मात्र वेगळा.
एक वरच्या फळीवर, एक खालच्या.
मधल्या फळीवर मी कुणाला डबासुद्धा ठेवू देत नाही.
हसतात सगळे. हसू देत.

वरचं एडलासाठी.
पणजीपासून त्यांच्या घरात रक्त असंच :
एकदा वाट फुटली की थांबायचं विसरतं.
अक्कलदाढ काढायची होती.
बूट काढून मी तिला काट्यावर उभं केलं,
वजनावरून मात्रा काढली, पुसली, पुन्हा काढली,
मग सलाईनमधून अर्धा तास, थेंब थेंब.
गाल लाल झाले तिचे, सौनातून आल्यासारखे.
"डोकं ठणकतंय जरा."
मी गती कमी केली.
दाढेच्या जागी कापूस गुलाबी झाला
आणि गुलाबीच राहिला.
निघताना खूण केलेला पेला दिला तिला :
उद्या या वेळेपर्यंत असे पाच. बस्स.
कॉफी, सूप, मावशीचा आग्रह, सगळं त्या पाचातच.
खिडकीबाहेर बघत ती म्हणाली,
"इथे तर सगळीकडे पाणीच आहे."
"म्हणूनच," मी म्हटलं.

एवढं बोलायला मी शिकले
ते खालच्या खोक्यामुळे.

ते अल्गोटचं.
डोक्यातली गाठ काढली, तिच्याबरोबर
पाणी धरून ठेव, असं शरीराला सांगणारा कुणीतरी गेला.
मग तहान म्हणजे बूड नसलेली बादली.
बोटीवर जाळ्यांआधी पाण्याचे कॅन चढायचे.
रात्री सात वेळा दार वाजायचं. इर्मेलीन मोजायची.

पहिली सुई मी दिली, मांडीत.
तीन वर्षांत प्रथमच तो सकाळपर्यंत झोपला.
इर्मेलीन माझ्यासाठी धुरावलेला मासा घेऊन आली.
मी खूश होते.
खूश माणूस एखादं वाक्य विसरतो.

वाक्य असं होतं :
आता तहान लागली तरच पी.

तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात.
हा तहान लागण्याआधीच विहिरी उपसत होता,
सवयीने, भीतीने, तीन वर्षांच्या शहाणपणाने.
बाहेरचं दार मी बंद केलेलं,
आत बादलीमागून बादली.
तिसऱ्या दिवशी डोकं. चौथ्या दिवशी उलटी.
इर्मेलीनने, बिचारीने, आणखी पाणी पाजलं.
संध्याकाळी तो तिला
मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागला,
आणि धक्क्यावर, दोरखंडांत, त्याला झटका आला.

हेलिकॉप्टर येईपर्यंत त्याला कुशीवर धरून बसले.
माझ्या तोंडचं पाणी पळालेलं,
त्याच्या अंगात ते मावत नव्हतं.
रात्री मारिएहाम्नहून फोन : सोडियम एकशे चौदा.
आमचा समुद्र मुळातच फिका, जीभ लावली की कळतं.
अल्गोटचं रक्त
त्या दिशेने निघालं होतं.

मीठ परत आणलं त्यांनी, सावकाश, मोजून;
घाईनेही माणूस मोडतो.

आता इर्मेलीनकडे वही आहे.
रोज सकाळचं वजन. किती आत, किती बाहेर.
एका रात्रीत किलोभर वाढलं,
किंवा डोकं दुखलं, पोट ढवळलं,
की सुई तशीच ठेवायची आणि मला उठवायचं,
कितीही वाजलेले असोत.
पानाच्या डोक्यावर ते वाक्य
माझ्याच अक्षरात. तिने मागितलं नव्हतं.

काल धक्क्यावर भेटला.
ऊन होतं, हेरिंगची पिंपं खाली उतरत होती.
सवयीने त्याचा हात कॅनकडे गेला.
"तहान लागलीय का?" मी विचारलं.
तो थांबला. डोळे मिटले.
घरात कुणी आहे का, ते दाराशी उभं राहून ऐकावं
तसा ऐकत राहिला बराच वेळ.

"नाही," म्हणाला.
"नुसती आठवण आहे."