आत म्हणजे बाहेर

इस्तारी जीपमधून उतरलाच नाही.
खिडकीतून म्हणाला, विंच मेली जी,
आणि सिंदेवाहीच्या माझ्या टिनाच्या शेडपुढे
इंजिन बंद करून बसून राहिला.

चार बोल्ट. दोन निघाले, दोन कापले.
कंपनीच्या पट्टीवर एक आर आणि एक एन उरलेला,
साल कुठेच नाही.
लिलावात जीप घेतली तेव्हा, तो म्हणे,
गावची बोडी फुटली होती, त्याच्या दुसऱ्या वर्षी.
आमच्याकडे सन असेच सांगतात.

मोटर उघडली.
ब्रशच्या खोबणीत कुंभारीण माशीचं घर,
मातीचं, दोन खोल्यांचं, रिकामं.
कार्बन झिजून नखाएवढे.
तारांवरचं कापड बोट लागताच
गेल्या सालच्या तेंदूपत्त्यासारखं चुरा झालं.
कॉइलला टेस्ट लॅम्प लावला, बॉडीवर टेकवला,
दिवा पेटला नाही.
दिवा न पेटल्याचा आनंद
फक्त आमच्या धंद्यात होतो.

मग कंट्रोल बॉक्समधला एक जोड दिसला,
तीन वेढे, वरून उलटा एक, टोक दाबून आत.
गफ्फार उस्ताद.
ब्रह्मपुरीच्या स्टँडमागे त्यांच्याकडे मी सहा वर्षं
दिवसभर स्टार्टर धुतले.
माणूस जाऊन अकरा वर्षं झाली
आणि इथे त्याचा हात, तेलकट, जसाच्या तसा.
तो जोड मी कापला. कापावाच लागला.
तुकडा खिशात टाकला.

वार्निश लावून कॉइल शेडवर ठेवली,
मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्याला भट्टी विकत घ्यावी लागत नाही.
कम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक
हॅक्सॉच्या तुकड्याने खरवडला, श्वास धरून.
ट्रॅक्टरच्या सेल्फचे कार्बन घासून बसवले.
वेल्डिंगची केबल, अंगठ्याएवढी जाड,
नागपूरहून एस.टी.ने आली, कंडक्टरचे वीस रुपये वेगळे.
सोलेनॉइड चार, चारही नवे.
टकटक वाजले तेव्हा इस्तारीने पहिल्यांदा
जीपचं दार उघडलं.

शेडमागे डंपरची चेसिस होती, कोणीच न नेलेली.
जीप मोहाला बांधली, खोडाला आधी बारदाना,
साल कापू नये म्हणून.
ताणल्या दोरावर ओलं पोतं,
तुटलाच तर कोणाचं डोकं जाऊ नये म्हणून.
इस्तारीने बटण दाबलं
आणि दोर सैल पडला.

त्याने विंचकडे पाहिलंच नाही,
आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.
काहून जी, उलटी केली का?
सुलटी केली, मी म्हणालो,
आत म्हणजे आत, बाहेर म्हणजे बाहेर,
आधी कोणीतरी चुकीची जोडली होती.
कोणीतरी, असं म्हणालो.
प्लस-मायनस उलटा लावला म्हणून
ज्याने माझ्या दोन कानाखाली दिल्या होत्या, तो.
चुकला होता का? की जीपचं काही पाहून
मुद्दाम तसं केलं होतं?
आता विचारायला जागा नाही.

इस्तारी म्हणाला, नाल्यात रात्री
पाणी हेडलाइटला लागते,
तवा कोण वाचते जी? बोटच जाते.
सव्वीस वर्षं बाहेर दाबलं की आत येते.

बॉक्स पुन्हा उघडला. दोन तारांची अदलाबदल,
एकूण काम पाच मिनिटांचं,
पण पाना दोनदा हातातून पडला.
अक्षरं तरी बदलून देऊ बटणावरची?
राहू दे, तो म्हणाला,
चोरानं नेली तर फसन ना.

बाहेर दाबलं.
मीटर बारावरून दहाच्या खाली गेला, थरथरला, सावरला.
मोटर घोगऱ्या आवाजात बोलायला लागली,
दोर पोत्याखाली कण्हला,
आणि चेसिस एक वीत सरकली,
मग दुसरी.
तिच्या जागी जमिनीवर
पांढरं पडलेलं गवत, आडवं,
तिच्याच आकाराचं.
इस्तारी खाली बसून ते बघत होता.
बटणावरचं बोट काढायचं
मीच त्याला ओरडून सांगितलं.