गाईडने दिलेली वीस मिनिटं

मडगावच्या स्टँडसमोरून बस सुटली तेव्हा
मिनीन नावाचा गाईड माइकात फुंकर मारून म्हणाला,
पुढच्यांनी खिडकीतून हात काढू नयेत,
मागच्यांनी डोकी.
आम्ही मागचे.

जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये यांनी चपला काढल्या.
"राहू देत, इथे चालतात."
तरी उभे राहिले अनवाणी, गार फरशीवर पाय आखडून,
आणि वर बघत विचारलं, मला वाटलं मूर्तीबद्दल,
एवढ्या उंचावरची जळमटं काढतं कोण?

मंगेशीला फोटो झाला.
त्यात मी आहे, अर्धी दीपमाळ, आणि यांचा खांदा.
जेवण पॅकेजमध्ये नव्हतं:
घरच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी,
हॉटेलवाल्याची एक सोलकढी, दोघांत.

मग बस केप्याकडे वळली.
पत्रकात "पारंपरिक कला" अशी एक ओळ होती,
काजूचं दुकान आणि सूर्यास्त यांच्यामध्ये दाबलेली.
"वीस मिनिटं," मिनीन म्हणाला.

कौलारू पडवी. एक हातमाग.
लाल चौकटींचं कुणबी कापड
आणि सुकांती वेळीप नावाची म्हातारी,
आमच्या मोबाइलांसाठी
धोटा जरा सावकाश फेकणारी.

यांचा डावा कान इचलकरंजीत राहिला,
सोळा मागांच्या खडखडाटात, तीस वर्षं जॉबर.
मी बोलते उजवीकडून,
रागावते डावीकडून.
इथे एकेक ठोका सुटा पडत होता,
मधे कोंबडा आरवून जाईल एवढी जागा ठेवून.
यांना त्यातलं काय ऐकू आलं, ठाऊक नाही.
गर्दीतून पुढे सरकले.

"काका, हात नका लावू!"
हात लावला नव्हता. बोट दाखवलं होतं.
फणीच्या मागे, तिसऱ्या लाल पट्टीत
एक तार तुटून लोंबत होती, केसाएवढी.
म्हातारीने डोळे बारीक केले. तिला दिसेना.
माग थांबला.
"खंयचो रे तूं?"
यांनी डावा कान पुढे केला, मग चूक कळून उजवा.
गाव मी सांगितलं. ते तिला कळलं नाही,
बोट कळलं:
अंगठ्याच्या पेराला सुताने पाडलेली खाच.
लग्नात हातात हात दिला तेव्हा
मला आधी तीच लागली होती.

ती पाटावर अर्धी सरकली.
हे टेकले. जिभेवर सूत ओलं केलं,
चिमटीत पीळ, खालून वेढा, नखाने दाब.
कुणी व्हिडिओ चालू करेपर्यंत झालीसुद्धा गाठ.
"परत एकदा करा ना," पिवळ्या टोपीतली मुलगी म्हणाली.
हे हसले.
तुटल्याशिवाय कशी करणार?

"बरें," म्हातारी म्हणाली आणि धोटा फेकला.
आता सावकाश नाही.

साडीची किंमत ऐकून बस हळहळली.
पिकावर मजुरी घेतलेला हा माणूस,
कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजार डोक्यावर घेणारा,
म्हणाला, बरोबर आहे.
आणि घेतला एक रुमाल.

सूर्यास्त हुकला. समुद्र दिसला तेव्हा काळा होता.
मिनीनने माइकवरून माफी मागितली,
सूर्य जणू त्याच्याच पगारावर.

परतताना हे रुमाल मांडीवर उलटा करून बसले,
समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या उजेडात
मागची बाजू तपासत.
मग म्हणाले, याच्या कांड्या कोण भरत असेल?

बावीस वर्षं मी कांड्या भरल्या,
आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच निघाला.
उजवीकडेच बसले होते,
तरी लगेच उत्तर दिलं नाही.
रुमालाचं एक टोक माझ्याकडे ओढलं,
काठावरून नख फिरवलं.
एके जागी सूत जरा सैल होतं.

"कुणी पोरगी असेल," मी म्हटलं.
"शिकतेय अजून."