एक मुलगी कमी होती

मैदान तेच, आष्ट्याच्या शाळेमागचं.
खांब मात्र नवे रोवलेत, गुळगुळीत.
जुन्यावर मी नखानं कोरलेला 'स' होता,
तो कुणाच्या बंबात जळाला कुणास ठाऊक.

मी पट्टीबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीत,
मांडीवर गुणांची वही.
हालुंडे सर म्हणाले, "हिशोब तू ठेव, सन्मती,
तुझं अक्षर चांगलंय."
माझं अक्षर कधीच चांगलं नव्हतं.

मोजायला मी मिरजेच्या वॉर्डात शिकले:
पांढऱ्या पेशी, सलाईनचे थेंब,
एसटीच्या फेऱ्या, आईनं धरलेले उपास.
आता मोजते, कोण किती सेकंदांत बाद.

नवे केस कुरळे आले. माझे सरळ होते.
बायका म्हणतात, छान दिसतात की गं,
आणि पुढं केलेला हात
वीतभर अलीकडंच थांबवतात.
दीड वर्ष मला सगळे असेच शिवतात,
तापल्या पातेल्याला शिवावं तसं,
नाहीतर हातमोजे घालून, शीर शोधत.
आत्याकडं माझा कप वेगळा.
त्यावर मोर आहे. खास तुझ्यासाठी, ती म्हणते.

तपासणीच्या रांगेत पलूसचा प्रज्योत भेटतो,
उजवा पाय गुडघ्याखाली बसवलेला.
"तू काय होतीस?" त्यानं विचारलं.
काय झालं होतं, असं नाही. काय होतीस.
मी म्हटलं, आठव्या चौकोनातली.
"मग आता तिथं कोण बसतंय?"
परतीच्या एसटीत आष्टा येईपर्यंत
मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

मंगळवारी रेणुका आली नाही.
बहिणीची सुपारी फुटणार होती म्हणे.
नऊ लागतात, आठच होत्या.
तस्मिया घाम पुसत खुर्चीपाशी आली,
"काय बघालीस? बस की जाऊन."
सरांनी शिट्टी तोंडातून काढली,
पुन्हा घातली.
दया नव्हती त्यात, शपथेवर सांगते.
एक मुलगी कमी होती.

उकिडवी बसले. गुडघे कुरकुरले.
शेजारच्या दोघींची तोंडं पलीकडं,
माझं उसाच्या ट्रॉल्या जातात त्या रस्त्याकडं.
मागं वळून बघायचं नसतं या खेळात.
पावलं येतात, तुला ओलांडून जातात, पुन्हा येतात,
आणि आपण नुसती पाठ देऊन बसायचं.
हे मला येत होतं.
दीड वर्ष दुसरं काय केलं मी?

"खो!"
धपाटा, अख्ख्या पंजाचा,
पाठीतून पार पुढं, पोर्टच्या व्रणापर्यंत घुमलेला.
मी धावले का धडपडले, नीट सांगता येत नाही.
चार पावलं, मग मधली पट्टी ओलांडली,
आणि सरांची कर्कश शिट्टी,
"फाऊल! नियम विसरलीस काय गं?"
सगळ्या मैदानासमोर.
किती बरं वाटलं मला.

रात्री आईला डाग दिसला.
नडगीवर, जांभळा, रुपयाएवढा.
असा डाग आमच्या घरात काय असतो
ते भिंतींनाही माहीत आहे.
पहिल्या वेळीही मी म्हटलं होतं,
खेळताना लागलं.
तिनं ट्यूबखाली पाय धरला,
अंगठ्यानं डाग दाबला, सोडला.
डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला, लावला नाही.
मग रोज पहाटे बघायची, मला झोप लागलीय समजून.
ती गेली की मी बघायची.

चौथ्या दिवशी हिरवट.
आठव्या दिवशी कडेनं पिवळा,
सांगलीच्या हळदपेठेतून परतलेल्या
बाबांच्या बाह्यांसारखा.

रेणुका आलीय.
आठवा चौकोन तिचा का माझा,
भांडण चालू आहे.