कणी

दिवाळीत आला तो, पाहुण्यासारखा.
संक्रांत गेली, तरी
जायचं नाव काढत नाही.

आधी वाटलं, ताकाचा असेल.
मग वाटलं, कृष्णेवरनं येणाऱ्या गारठ्याचा.
कुणी म्हणालं फोडणीचा, कुणी म्हणालं नजरेचा.
जाऊबाई म्हणाली,
मनातलं बोलत नाहीस ना, त्याचा.

ज्येष्ठमध झालं, अडुळसा झाला.
लवंग गालात धरून
रात्री काढल्या बसून, भिंतीला पाठ लावून,
कारण मी आडवी झाले
की तो उठतो.

भिंतीपलीकडं जैतुनभाभी नदाफ.
पहाटे तिच्या बशीचा आवाज मला येतो,
म्हणजे माझं काय काय
तिला ऐकू जात असेल.
एका रात्री तिनं भिंतीवर टकटक केलं.
वाटलं, वैतागली बाई.
तर दारात उभी, हातात तांब्या, पदरानं धरलेला.
"दूध हाय. हळद घातलीया चांगली."

हसायला गेले
आणि खोकलाच आला.

हळद, भाभी?
अगं, अकरा वर्षं मी हळदच पितेय,
दुधाबिगर.
मार्केट यार्डात पत्र्याखाली
हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा,
चाळणीतनं खाली पडते ती कणी वेगळी,
आणि कणीच्याही खाली
जे पोत्यात भरत नाही, वजनात येत नाही,
ज्याचा भाव कुणी पुकारत नाही,
ते माझं.
उशीचा अभ्रा पिवळा. कानातला मळ पिवळा.
बसचा कंडक्टर माझी नोट लांबनं ओळखतो.

परवा सौद्याला गर्दी होती.
पुकारणारा ओरडला, चौदा हजार,
आणि नेमकी मला ढास लागली.
चौदा एकशे! त्यानं बोट केलं माझ्याकडं.
समोरच्या अडत्यानं दोनशे केले,
मी पुन्हा खोकले, तीनशे झाले.
सगळं यार्ड हसलं, मीपण,
डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत.
ज्याचा माल होता तो तासगावकडचा म्हातारा
जाताना म्हणाला, बाई, उद्यापण या.
मुकादम म्हणाला, मावशे,
उद्यापासनं तू थप्पीच्या मागं बस.

सिव्हिलला डबी दिली.
सकाळचा पहिला बेडका, घशातला नको, छातीतला आणा.
प्रसादाचं नेतात तशी नेली, रुमालात बांधून,
रिक्षावाल्याला म्हणाले, हळू घे बाबा.
काचेमागची पोरगी डबी बघून दचकली.
म्हटलं, घाबरू नको, रंग धंद्याचा आहे.

चार दिवसांनी डॉक्टर म्हणाले, टीबी नाही.
मी चपला काढून ठेवलेल्या, त्या शोधायला लागले.
थांबा, म्हणाले. काम काय करता?
सांगितलं.
त्यांनी पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं,
आणि लिहिलं दोनच शब्द:
धूळ टाळा.

कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला.
दुसऱ्या दिवशी चाळताना तो खाली पडला,
उचलून झटकला
तर त्यातनंच उडाली.

भाभीला वाचून दाखवला.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, आमच्यांना कापसाचा होता.
गाद्या पिंजायचे ना.
अठरा वर्षं ह्या भिंतीला टेकूनच खोकले.
थांबला त्या रात्री मी गाढ झोपले गं,
लई दिवसांनी गाढ झोपले.
मला काय ठाव.

तिनं तांब्या विसळला, पालथा घातला.

आता मास्क लावते. दुपारपर्यंत तो पांढरा राहतो,
मग त्यातनं श्वास येत नाही, मग मानेवर ओढते.
कधी कधी रात्री चांगला तास तास
तो गप्प असतो. डोळा लागत येतो माझा.
तेवढ्यात पलीकडनं
टक. टक.

आणि मी खोकते,
मुद्दाम, एकदाच,
मोठ्यानं.